वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे भारतात विकल्या जाणाऱ्या आरोग्य विम्यांविषयी आहेत. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत काय छापले आहे, याला शेवटी महत्त्व असते. म्हणून हे वाचताना ती पुस्तिका जवळ ठेवावी. एजंटने दिलेले रंगीत माहितीपत्रक या कामी उपयोगाचे नाही.

भारतात या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने द्यावाच, असा कायदा आहे का?

संसदेने केलेला असा स्वतंत्र कायदा नाही. जे काही संरक्षण आहे ते भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे सर्वसाधारण बोलण्यातल्या इर्डाच्या, नियमांतून आलेले आहे. पूर्वी बहुतेक पॉलिस्यांमध्ये लठ्ठपणावरील उपचार एका ओळीत वगळून टाकलेले असत आणि ती ओळ प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत लिहीत असे. 27 सप्टेंबर 2019 रोजी प्राधिकरणाने अपवाद कलमांच्या प्रमाणीकरणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कोणता अपवाद कोणत्या शब्दांत लिहायचा हे ठरवून दिले. त्यात लठ्ठपणा व वजन नियंत्रण यासाठी सहावा संकेतांक राखून ठेवला आहे, आणि आज आपल्या पुस्तिकेत ‘एक्स्क्ल 06’ अशा खुणेपुढे जे कलम दिसते ते तेच होय.

या कलमाची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात. हे कलम ‘आम्ही खर्च देऊ’ असे म्हणत नाही. पुढील सर्व अटी पूर्ण न करणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही देणार नाही, असे ते म्हणते. याचा अर्थ असा की अटी पूर्ण झाल्या तर हा अपवाद लागू होत नाही आणि शस्त्रक्रिया इतर कोणत्याही आंतररुग्ण उपचाराप्रमाणे पॉलिसीच्या नेहमीच्या नियमांखाली येते. एखाद्या कंपनीला याहून उदार व्हायचे असेल तर तिला कोणी अडवलेले नाही, आणि काही योजनांमध्ये बेरिअ‍ॅट्रिक (म्हणजे वजन कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेसाठी वेगळा लाभ, बहुधा वेगळ्या कमाल रकमेसह, दिलेलाही असतो.

त्या अटी नेमक्या कोणत्या आहेत?

अटी चार आहेत आणि चारही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी. ती वैद्यकीय कार्यपद्धतीला धरून असावी. विमाधारकाचे वय 18 वर्षे किंवा त्याहून अधिक असावे. आणि शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, 40 किंवा त्याहून अधिक असावा. बीएमआय 40 पर्यंत पोहोचत नसेल, पण 35 किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याच्या जोडीला चार गंभीर सहव्याधींपैकी (लठ्ठपणासोबत असलेल्या आजारांपैकी) किमान एक असावी लागते आणि कमी त्रासदायक उपायांनी वजन उतरवण्याचे प्रयत्न अयशस्वी झालेले असावे लागतात. त्या चार सहव्याधी म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र स्वरूपाचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आणि आटोक्यात नसलेला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह.

पहिल्या दोन अटींवरून वाद क्वचितच होतो. तज्ज्ञ सर्जनने लेखी सल्ला दिला असेल आणि स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढणे) किंवा गॅस्ट्रिक बायपास (अन्नाचा मार्ग वळवणे) यांसारखी रुळलेली शस्त्रक्रिया असेल तर त्या आपोआप पूर्ण होतात. वयाच्या अटीत मात्र कोणतीही सवलत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेची वैद्यकीय गरज असली, तरी या कलमाखाली दावा बसत नाही. खरा वाद चौथ्या अटीवर होतो आणि पुढची बरीचशी उत्तरे तिच्याबद्दलच आहेत.

बीएमआय कसा मोजतात आणि तो कोणत्या दिवशीचा धरतात?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. 1.60 मीटर उंचीच्या व्यक्तीचा बीएमआय 40 होण्यासाठी वजन सुमारे 102.4 किलो, तर 35 होण्यासाठी 89.6 किलो असावे लागते.

येथे उंचीकडे वजनाइतकेच लक्ष द्यावे लागते, आणि तेच सहसा कोणी देत नाही. समजा, वजन 103 किलो आहे. सर्जनच्या केस पेपरवर उंची 160 सेंटीमीटर लिहिली असेल तर बीएमआय 40.2 येतो. त्याच रुग्णाच्या जुन्या आरोग्य तपासणीच्या अहवालात किंवा विम्याच्या प्रस्ताव अर्जात उंची 162 सेंटीमीटर असेल तर तोच बीएमआय 39.2 होतो. दोन सेंटीमीटरच्या फरकाने रुग्ण एका गटातून दुसऱ्या गटात गेला, आणि सहव्याधी नसेल तर दावाही गेला. दावे तपासणारी मंडळी दोन कागद शेजारी ठेवून नेमकी अशीच तफावत शोधतात. म्हणून पहिल्या भेटीतच उंची भिंतीवरच्या मापपट्टीने, चप्पल काढून मोजून घ्यावी आणि तीच सर्व कागदांवर येईल याची खात्री करावी. प्रस्ताव अर्जात अंदाजाने भरलेली उंची चुकीची असल्याचे आढळले, तर ती कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावी, आणि हे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी करावे.

बीएमआय कोणत्या दिवशीचा असावा हे कलमात लिहिलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून सर्जन बहुधा काही दिवस अत्यंत कमी उष्मांकाचा आहार देतात आणि त्या काळात चार-पाच किलो वजन सहज उतरते. फक्त दाखल होण्याच्या दिवशीचेच वजन नोंदले गेले, तर काठावरच्या रुग्णाची पंचाईत होते. यावर उपाय असा की सर्जनने शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवसाचे वजन, उंची आणि बीएमआय तारखेसह लिहावे आणि त्यानंतरचा आहार शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग होता, असे स्पष्ट नमूद करावे.

माझा बीएमआय 33 आहे आणि मधुमेह आहे. भारतीय रुग्णांसाठी एवढे पुरेसे आहे, असे सर्जन म्हणतात. मग विमा कंपनी का मानत नाही?

सर्जन चुकीचे सांगत नाहीत. आशियाई, विशेषतः भारतीय, शरीरात तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका लवकर वाढतो. म्हणूनच 2009 साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने मांडलेल्या निकषांत 25 च्या पुढचा बीएमआय लठ्ठपणात धरला गेला आणि शस्त्रक्रियेसाठी सहव्याधींसह 32.5 व सहव्याधींशिवाय 37.5 ही मर्यादा सुचवली गेली. 2022 साली आंतरराष्ट्रीय पातळीवरील बेरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी आपल्या शिफारशी आणखी खाली आणल्या. सहव्याधी असोत वा नसोत, 35 च्या वर शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत 27.5 पासून ती देऊ करण्याचा विचार करावा, असे त्या सांगतात.

विम्याचे कलम मात्र 40 आणि 35 याच आकड्यांवर उभे आहे. हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1991 साली भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेच्या निष्कर्षांत होते. वैद्यकशास्त्र तिथून बरेच पुढे सरकले आहे, आणि भारतीय रुग्णांसाठीचा भारतीय निकष उपलब्ध असताना भारतीय नियमात तो नसावा, हे पटण्यासारखे नाही. परंतु कलमात ज्या संख्या लिहिल्या आहेत त्या करारातील संख्या आहेत. बीएमआय 33 असताना केलेला दावा वैद्यकीयदृष्ट्या कितीही रास्त असला, तरी प्रमाणित कलम असलेल्या पॉलिसीत तो नाकारला जाण्याचीच शक्यता अधिक आहे. अशा वेळी आपल्या योजनेत बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा स्वतंत्र लाभ आहे का आणि त्याची मर्यादा वेगळी दिली आहे का, हे आधी पाहावे. तो नसेल तर खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागेल असे गृहीत धरून निर्णय घ्यावा.

मला उच्च रक्तदाब, गुडघेदुखी आणि फॅटी लिव्हर आहे. बीएमआय 37 आहे. हे चालेल का?

कलमातील यादीत हे विकार नाहीत. पीसीओडीही नाही आणि वंध्यत्वही नाही. यादी चार विकारांपुरतीच मर्यादित असल्यामुळे 35 ते 40 या टप्प्यात त्या चारपैकी एखादा विकार कागदोपत्री सिद्ध करावा लागतो.

अनेकदा असे होते की रुग्णाला यादीतला विकार असतो, पण त्याची तपासणीच झालेली नसते. रात्री जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकल्यासारखे होऊन दचकून जागे होणे आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणे, ही लक्षणे घरच्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेली असतात आणि कोणीही डॉक्टरांना सांगितलेली नसतात. अशा व्यक्तीने झोपेची तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, करून घ्यावी. तासाला श्वास अडखळण्याचे प्रसंग 30 किंवा अधिक असतील तर वैद्यकीय प्रथेनुसार तो तीव्र स्लीप अ‍ॅप्निया ठरतो. अहवालात ‘तीव्र’ हा शब्द आणि ती संख्या दोन्ही असावीत, कारण कलमाला नुसता स्लीप अ‍ॅप्निया पुरत नाही. अर्थात ही तपासणी केवळ विम्यासाठी करायची नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती माहिती शस्त्रक्रियेपूर्वी हवी असते.

मधुमेहाच्या बाबतीत ‘आटोक्यात नसलेला’ या शब्दांची व्याख्या कलमात दिलेली नाही. त्यामुळे एचबीएवनसीचे (सुमारे तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या चाचणीचे) एकच नव्हे तर मागच्या काही महिन्यांतील ओळीने आलेले अहवाल, औषधांचे वाढत गेलेले डोस आणि फिजिशियनचे स्पष्ट मत असे तिन्ही जोडणे शहाणपणाचे आहे. औषधे घेऊनही साखर आटोक्यात येत नाही, हे त्यातून दिसले पाहिजे. औषधेच नियमित घेतली नाहीत असे केस पेपरवर लिहिलेले असेल, तर कंपनी त्याच वाक्यावर बोट ठेवील.

‘कमी त्रासदायक उपाय अयशस्वी झाले’ हे कसे दाखवायचे?

किती महिने आहार-व्यायाम केला म्हणजे प्रयत्न झाला, हे कलमात सांगितलेले नाही. तसेच वाक्यरचना पाहता ही अपेक्षा 35 ते 40 या टप्प्यातील रुग्णांसाठी आहे. बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असलेल्यांना ती लागू होत नाही. तरीही टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून, सरसकट सर्वांनाच हा पुरावा मागितला जाण्याची शक्यता असते, तेव्हा तो जवळ असलेला बरा.

पुरावा म्हणून आहारतज्ज्ञाच्या भेटींच्या तारखा आणि प्रत्येक भेटीचे वजन असलेले कार्ड, वजनासाठी दिलेल्या औषधांची प्रिस्क्रिप्शन्स आणि फिजिशियनच्या नोंदी उपयोगी पडतात. व्यायामशाळेची पावती किंवा आपण स्वतः लिहिलेले निवेदन यांना फारसे वजन मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात एकाच दिवशी तयार केलेले, एकाच शाईतले सहा महिन्यांचे आहारपत्रक तर मुळीच देऊ नये. त्याने दावा पक्का होत नाही, उलट खोटेपणाचा आक्षेप ओढवतो.

पॉलिसी घेतल्यावर किती काळ थांबावे लागते?

येथे दोन-तीन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. अपघात वगळता सर्व आजारांसाठी पहिले 30 दिवस थांबावे लागते. पॉलिसी घेण्यापूर्वीच असलेल्या आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा 48 महिने होती. याशिवाय ठरावीक आजार व शस्त्रक्रियांच्या यादीसाठीचा प्रतीक्षा कालावधीही असतो, आणि तोही 36 महिन्यांहून अधिक असू शकत नाही. बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया त्या यादीत आहे का, हे पुस्तिकेत पाहावे. जुन्या पुस्तिकेत अजून 48 महिने छापलेले असतील तर आपल्याला आता कोणता कालावधी लागू आहे हे कंपनीला ई-मेल करून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी बाब विमा रक्कम वाढवण्याची आहे. तीन लाखांची पॉलिसी चार वर्षे चालवली आणि मागच्या वर्षी ती दहा लाखांची केली, तर वाढलेल्या सात लाखांसाठी प्रतीक्षा कालावधी नव्याने मोजला जातो. अशा वेळी शस्त्रक्रिया झाली तर कंपनी जुन्या तीन लाखांच्या मर्यादेतच पैसे देईल. कंपनी बदलून पॉलिसी दुसरीकडे नेताना, म्हणजे पोर्ट करताना, मात्र आधी पूर्ण केलेला काळ जुन्या विमा रकमेपुरता वजा मिळतो.

प्रस्ताव अर्जात वजन कमी लिहिले होते. आता काय होईल?

वजन आणि उंची हे दोन्ही प्रश्न अर्जात विचारलेले असतात आणि त्यांच्या आधारे कंपनी हप्ता वाढवते, अट घालते किंवा प्रस्तावच नाकारते. एजंटने अर्ज भरताना वजन ‘जरा कमी’ लिहिले, ही सबब चालत नाही, कारण खाली सही आपली असते. अशी तफावत आढळली तर केवळ दावाच नव्हे तर पॉलिसीही धोक्यात येते.

सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हाच त्याला अपवाद आहे. 2024 पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. परंतु या तरतुदीचा अर्थ अनेकजण भलताच घेतात. साठ महिने झाले म्हणून सहाव्या अपवादाच्या अटी संपत नाहीत. बीएमआयची मर्यादा, सहव्याधींची यादी, सहभागी रक्कम (दाव्यातला आपला वाटा) आणि उपमर्यादा (ठरावीक उपचारांवरील कमाल रक्कम) हे सारे पूर्वीप्रमाणेच लागू राहते.

नोकरीच्या ठिकाणचा समूह विमा असेल तर?

समूह विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार असल्याने त्यात पुष्कळ लवचीकता असते. अनेक मोठ्या कंपन्यांच्या पॉलिस्यांत प्रतीक्षा कालावधी पूर्ण माफ असतो, आणि काही ठिकाणी बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा वेगळा उल्लेख आणि वेगळी मर्यादा असते. मनुष्यबळ विभागाकडून मिळणारे दोन पानी सारांशपत्र पुरेसे नसते. मूळ पॉलिसीतील संबंधित पान मागावे. नोकरी सोडण्याच्या विचारात असलेल्यांनी शस्त्रक्रियेची तारीख आणि शेवटच्या कामाचा दिवस यांचा मेळ आधी घालावा, कारण समूह विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याचा खर्च विम्याबाहेर राहतो. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय असते. तिची चौकशी राजीनाम्यापूर्वी करावी.

कॅशलेस मंजुरीची प्रक्रिया कशी असते?

ही नियोजित शस्त्रक्रिया असल्यामुळे घाई करण्याचे कारण नसते. रुग्णालयातील विमा कक्ष पूर्वमंजुरीचा अर्ज टीपीए किंवा कंपनीकडे पाठवतो. इर्डाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि घरी सोडण्याच्या वेळी रुग्णालयाकडून मागणी आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, अशी अपेक्षा आहे. तीन तासांहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसेल तरीही 2024 पासून सामान्य विमा कंपन्यांनी सुरू केलेल्या व्यवस्थेखाली, नियोजित उपचारासाठी किमान 48 तास आधी कळवून कॅशलेसची विनंती करता येते.

एका तासाच्या नियमावर विसंबून सकाळी दाखल होऊन दुपारी शस्त्रक्रिया ठरवणे मात्र योग्य नव्हे. या प्रकारच्या अर्जावर पहिले उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नसते, तर ‘आणखी कागद पाठवा’ असे असते. अर्ज दोन आठवडे आधी जावा आणि त्यात सर्जनचे पत्र, उंची-वजनाची नोंद, सहव्याधीचे अहवाल आणि पूर्वीच्या प्रयत्नांचा पुरावा पहिल्याच वेळी जोडलेला असावा. सर्जनच्या पत्रात ‘रुग्णाला वजन कमी करायचे आहे’ असे वाक्य असल्यास ते बदलून घेण्याची विनंती करावी. त्या वाक्याने शस्त्रक्रिया रुग्णाच्या हौसेची वाटते. पत्रात रोगाचे निदान, बीएमआय, सहव्याधी आणि शस्त्रक्रिया का आवश्यक आहे, हे सर्व थेट लिहिलेले असावे.

आणखी एक खबरदारी घ्यावी. पूर्वमंजुरी मिळाली म्हणजे अंतिम बिल मंजूर झाले असे नसते. डिस्चार्ज समरीवर वेगळा बीएमआय आला, तर प्रकरण पुन्हा उघडले जाऊ शकते.

मंजुरी मिळूनही बिलातून रक्कम का कापली जाते?

सर्वांत मोठी कपात खोलीच्या भाड्यामुळे होते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि आपण महागडी खोली घेतली, तर फरक केवळ भाड्यापुरता राहत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा संबंधित खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते. औषधे, शरीरात बसवलेली साधने आणि चाचण्या यांना ती प्रमाणबद्ध कपात लागू होत नाही.

दुसरा मुद्दा या शस्त्रक्रियेचा खास आहे. स्लीव्ह किंवा बायपासमध्ये जठर कापून टाके घालण्यासाठी स्टेपलर आणि त्याच्या अनेक कार्ट्रिज लागतात, आणि बिलातील मोठा हिस्सा त्यांचाच असतो. त्या उपभोग्य वस्तू म्हणून नामंजूर होणार का, हे आधीच विचारून घ्यावे आणि रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज बाबनिहाय घ्यावा. नुसत्या ‘पॅकेज’च्या आकड्यावर समाधान मानू नये. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होणार असेल तर आधुनिक उपचारांसाठीची उपमर्यादा तपासावी. 2019 च्याच सूचनांनी रोबोटिक शस्त्रक्रिया वगळण्यास मनाई केली, पण रकमेला मर्यादा घालण्याची मुभा दिली. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत अशा उपचारांसाठी विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच मर्यादा आहे आणि प्रत्येक दाव्यात 5 टक्के वाटा विमाधारकाचा असतो.

सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी, घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की ती स्वतंत्र पॉलिसी आहे. मूळ पॉलिसीने दावा मान्य केला म्हणून टॉप-अपवाल्या कंपनीवर तो मान्य करण्याचे बंधन येत नाही. तिचा प्रतीक्षा कालावधी आणि तिचे कलम वेगळे तपासले जाते.

वजनाची इंजेक्शने किंवा पोटात बसवायचा फुगा यांचा खर्च मिळतो का?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शने घरी घ्यायची असतात, तर आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या उपचारांसाठी असतो. पॉलिसीत बाह्यरुग्ण लाभ जोडलेला नसेल तर त्यांचा खर्च मिळत नाही, आणि जोडलेला असला तरी वजनाची औषधे त्यात वगळली आहेत का हे पाहावे लागते. एंडोस्कोपीने बसवलेला फुगा हा तात्पुरता उपाय आहे. त्याबाबत लेखी पूर्वमंजुरी हाती आल्याशिवाय विम्याची आशा धरू नये.

शस्त्रक्रियेनंतर लोंबणारी त्वचा काढणे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांचे काय?

त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेला आठवा अपवाद, म्हणजे सौंदर्य व प्लास्टिक शस्त्रक्रियेचा, आडवा येतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार एवढेच त्यातून सुटतात. वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा न भरणाऱ्या जखमा असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह प्रयत्न करता येतो. दिसण्याच्या कारणासाठी मात्र नाही.

बायपासनंतर बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर, घ्यावे लागते. त्यातला रुग्णालयातील दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेला आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ठरावीक दिवसांत, अनेक पॉलिस्यांत 60 दिवसांत, झालेला खर्च मिळू शकतो. पुढचा खर्च आपला.

सरकारी योजनांतून ही शस्त्रक्रिया होते का?

वर सांगितलेले कलम विमा कंपन्यांच्या पॉलिस्यांसाठी आहे. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत आणि गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना या ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालतात. उपचार यादीत असला तर मिळतो, नसला तर बीएमआय कितीही असला तरी मिळत नाही. फुले योजनेसाठी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून यादीत पाहायला लावावे. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्या आरोग्य योजनेचे स्वतःचे दर आणि परवानगीचे नियम आहेत. तेथे आपल्या वेलनेस सेंटरमधूनच (त्या योजनेच्या दवाखान्यातूनच) सुरुवात करावी.

दावा नाकारला तर पुढे काय करावे?

प्रथम नकाराचे पत्र लेखी मागावे. पत्रात पॉलिसीचे कोणते कलम लावले ते लिहिलेले असले पाहिजे, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारता येत नाही. तशी संमती घेतली होती का, हा प्रश्न आपण विचारू शकतो आणि विचारावाच.

मग नकाराचे कारण वेगळे काढावे. ‘लठ्ठपणावरील उपचार वगळलेले आहेत’ असे मोघम उत्तर आले असेल तर ते कलमाच्या अर्ध्याच भागावर आधारलेले आहे. चारही अटी आणि त्यांपुढे आपला एकेक कागद, अशी मांडणी करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहावे. ‘बीएमआय पुरेसा नाही’ असे असेल तर मोजमापाच्या नोंदी द्याव्यात. ‘सहव्याधी सिद्ध नाही’ असे असेल तर फिजिशियनचे नवे प्रमाणपत्र जोडावे. परंतु त्याने शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालांचाच आधार घेतलेला असावा. रागाने लिहिलेले चार पानी पत्र एका पानाच्या तक्त्यापेक्षा कमी काम करते.

कंपनीचे उत्तर एका महिन्यात आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्याआधी किंवा त्याच वेळी इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, मात्र तेथे दाव्याच्या गुणवत्तेचा निवाडा होत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा केला जातो. लोकपालांकडे 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात, नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, शुल्क नसते आणि वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत आणि गोव्याच्या तक्रारी पुण्याकडे जातात.

लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो का? आणि ग्राहक आयोगात जाणे चांगले की लोकपालांकडे?

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसेल तर आपण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मात्र प्रकरण आधीच न्यायालयात किंवा आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून कागदांवर उभे राहणारे आणि वैद्यकीय साक्षीपुराव्याचा गुंता नसलेले प्रकरण आधी लोकपालांकडे नेणे सोयीचे असते. माहिती लपवल्याचा किंवा फसवणुकीचा आरोप असेल आणि साक्षी तपासण्याची गरज असेल तर आयोग अधिक योग्य ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. या दोन वर्षांकडे लक्ष ठेवूनच कंपनीशी पत्रव्यवहार करावा, कारण स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

लोकपालांनी आपल्या बाजूने निवाडा दिल्यानंतर कंपनीने 30 दिवसांत त्याची अंमलबजावणी करायची असते. तसे न केल्यास दर दिवसाला 5000 रुपये तिने तक्रारदाराला द्यावेत, अशी 2024 च्या परिपत्रकात तरतूद आहे.